वाघिणीची दुसरी मिशी

वनखात्याच्या पाकिटात वाघिणीच्या दोन मिश्या होत्या. पहिली मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वापरली आणि तिच्या भरवशावर एक पत्र लिहून दिलं. दुसरी तीन आठवडे पाकिटातच पडून होती. मग ती बाहेर काढली, पण कुणाचा जीव वाचावा म्हणून नाही. मला एका लेखासाठी देखणा आलेख हवा होता.

हे आधीच सांगून टाकते. कारण नंतर मला समजावायला पुष्कळ लोक आले. तुमचा काय दोष मॅडम, तुम्ही तर मदतच करत होतात, वगैरे. ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. ज्याला खरंच काही कळतं तो असं बोलत नाही.

माझं नाव मिनल. नागपूरच्या एका संशोधन संस्थेत मी जुन्या जनावरांच्या हाडांवर काम करते. महाल भागातल्या आमच्या गल्लीत मला ‘हड्डीवाली मॅडम’ म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. जनावर जे खातं त्याचंच त्याचं हाड बनतं. ज्वारी, गवत यांच्यातला कार्बन किंचित जड असतो, झाडपाल्यातला हलका. यंत्र तो फरक पकडतं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा बैल गोठ्यात कडबा खाऊन जगला की रानात पाला ओरबाडून, हे त्याच्या हाडाच्या चिमूटभर भुकटीवरून सांगता येतं. त्यावरून मग माणसं काय पेरत होती, गुरं दाराशी बांधत होती की मोकळी सोडत होती, हे कळतं. मडकी आणि मणी शोधणाऱ्यांना वर्तमानपत्रात फोटो मिळतात. आम्हाला गुरांचे दात मिळतात.

फक्त एकदा आमचाही फोटो आला. पारशिवनीच्या पलीकडे निंबखेडीला मी तीन हंगाम उत्खनन केलं. तिथे मोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, त्या जुन्या लोकांनी मेलेल्यांसाठी रचलेली. एका वर्तुळाशेजारच्या खड्ड्यात तीन वाघ सापडले. एकावर एक, मध्ये मातीचा थर. म्हणजे एका दिवसात पुरलेले नव्हते. हाडात फार काही उरलं नव्हतं, पण मोजण्यापुरतं उरलं होतं. खालचे दोन वाघ जंगलातली शिकार खाऊन जगलेले निघाले. सगळ्यात वरचा, शेवटचा, गावाची गुरं खाऊन. मी अर्थ लावला तो असा: गावात वाघाने माणसं मारली, लोकांनी एक वाघ मारला, माणसं मरायची थांबली नाहीत. दुसरा मारला, तरी नाही. तिसरा मारला आणि खड्डा बुजवला. लेख गाजला. मी व्याख्यानांत सांगायची, ‘बिचाऱ्यांना दोनदा चुकीचा वाघ मारावा लागला, कारण त्यांच्याकडे आपल्यासारखं यंत्र नव्हतं.’ लोक हसायचे. मीही हसायची.

त्या खड्ड्यातली बारीक हाडं शोधून काढली ती मीराबाईने. निंबखेडीची, पन्नाशीची, नवरा गेलेली. माती चाळायला तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. उंदराचा दात तिच्या चाळणीतून निसटायचा नाही, आणि आमचे पदवीधर मात्र गाईचा गुडघा दगड समजून फेकायचे. उत्खनन संपलं तरी तिचे फोन यायचे. तिची मुलगी हर्षा पारशिवनीच्या कॉलेजात होती.

यंदा ऑगस्टपासून निंबखेडीच्या शिवारात वाघाने तीन माणसं मारली. आधी एक गुराखी, मग सप्टेंबरात एक म्हातारी, मग ऐन दसऱ्याच्या आठवड्यात एक शेतकरी. शिवाय आठ-दहा गुरं. वावरात जायला बंदी झाली. पऱ्हाटी फुटून कापूस लोंबायला लागला आणि वेचायला कुणी नाही. दिवाळीनंतर नाल्याजवळच्या पिंजऱ्यात एक वाघीण अडकली. गावाने फटाके फोडले.

दोन दिवसांनी तिथले वन अधिकारी गिरिधर उईके माझ्याकडे आले. सरळ माणूस. चहा घेतला, पाकीट टेबलावर ठेवलं.

“मॅडम, तुमचा तीन वाघांचा लेख वाचला होता. आम्हाला नक्की तीच पाहिजे, दुसरी नको. मारणारं जनावर गुरं बी खाऊन राहिलं. हिच्या मिशीवरून सांगता येईल का, ही गुरं खाणारी आहे का जंगलातली?”

“येईल,” मी म्हणाले. मला बरं वाटलं होतं. मेलेल्या जनावरांच्या पलीकडे प्रथमच कुणी काही विचारत होतं.

मी मिशी धुतली, कातरली, सगळी एकत्र करून यंत्रात घातली. एक आकडा आला. तो जंगली शिकारीच्या बराच वर, गुरांच्या बाजूला होता. पत्रात मी लिहिलं, ‘निष्कर्ष पाळीव गुरांच्या आहाराशी सुसंगत आहेत.’ उईकेंनी फोन केला.

“मॅडम, गावात असं मराठी कोणाले समजत नाही. हो का नाही, तेवढं लिवा.”

मी खाली लिहिलं: हो.

बंदी उठली. गस्तीची माणसं परत गेली. माझ्या पत्राची प्रत निंबखेडीच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली आणि सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. त्याच संध्याकाळी मीराबाईचा फोन आला.

“जय भीम, मॅडम. तुमचं पत्र पाहलं. गावातल्या एका शिकल्या-सवरल्या पोट्ट्याने वाचून दाखवलं.”

“जय भीम. मग? सुटलात न एकदाच्या?”

“तेच विचारतो. सगळ्या बाया उद्या वेचाले चालल्या. माह्या जिवाले काही पटत नाही. मी तं जाईन, माहं काय. पण हर्षा म्हनते मी बी येतो. एकुलती एक पोर आहे माही. पाठवू का मॅडम? तुमी म्हनसान तं पाठवतो.”

“पाठवा न, मीराबाई. ती वाघीण पिंजऱ्यात आहे. काही होत नाही आता.”

“बस. तुमी म्हनलं न, झालं मंग.”

फोन ठेवताना मी दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होते.

तीन आठवडे गेले. बुधवारी सकाळी मी जुन्या बैलांचे दात कापत होते. दाताचा तुकडा टोकापासून मुळापर्यंत ओळीने कापला की जनावराच्या वाढीचे महिने एकामागोमाग वाचता येतात. ट्रेमध्ये थोड्या जागा रिकाम्या होत्या. मनात आलं, ती दुसरी मिशीही अशीच ओळीने कापावी. ‘कालचा वाघ, आजचा वाघ’ असा जोड आलेख लेखात शोभून दिसेल. मिशीचं टोक जुनं, मूळ ताजं. एवढी लांब मिशी म्हणजे वाघिणीचे सरते नऊ-दहा महिने. मी वीस तुकडे केले आणि यंत्राला लावले.

साडेदहाला आकडे पडद्यावर आले. मी ते एकदा पाहिले, मग खुर्ची पुढे ओढून पुन्हा पाहिले.

टोकाकडचे तुकडे गुरांचे होते. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. पुढे पाऊस सुरू होतो तिथे रेघ घसरली होती आणि मुळापर्यंत खालीच राहिली होती. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. या चार महिन्यांत त्या वाघिणीने एक वासरूसुद्धा खाल्लं नव्हतं.

गोष्ट सोपी होती. उन्हाळ्यात जंगलातलं पाणी आटलं तशी ती गावाकडे सरकली, गुरं मारली. पाऊस पडला, नाले भरले, ती जंगलात परत गेली. पिंजऱ्यात सापडली ती पिंजरा तिच्या वाटेवर होता म्हणून. ऑगस्टपासून माणसं आणि गुरं मारत होता तो कुणी दुसराच होता. आणि तो मोकळा होता.

माझी चूकही तितकीच सोपी होती. तीस वर्षं मी मेलेली हाडं मोजली. हाड सगळ्या आयुष्याची सरासरी सांगतं, कारण मेलेल्याकडून आणखी काही हवं नसतं. त्याने कोणत्या महिन्यात काय खाल्लं, याने कुणाचं काही बिघडत नाही. मी जिवंत वाघिणीची मिशीही तशीच, सगळी घोळून मोजली. उन्हाळ्यातल्या गाईंनी जंगलातले महिने झाकून टाकले. एम.ए.च्या पोरीने असं केलं असतं तर मी तिला दाराबाहेर उभं केलं असतं.

आमच्या कामात एक शिस्त आहे. असा आकडा आला की तीनदा मोजायचा, मगच तोंड उघडायचं. माझा हात त्या सवयीने पुन्हा ट्रेकडे गेलासुद्धा. मग मला हर्षाचं नाव आठवलं आणि मी हात मागे घेतला.

उईकेंना फोन लावला. सगळं सांगितलं.

“मॅडम, तवा तुमी हो म्हनलं. आता नाही म्हनता.”

“हो. तेव्हा चुकले मी. आज चुकत नाहीये.”

“लेखी पाठवा. मी माणसं काढतो, पण सगळी दुसऱ्या रेंजमध्ये आहेत. पोचायले दोन-तीन वाजन.”

लेखी दोन ओळी मोबाइलवरून पाठवल्या. मीराबाईचा फोन लागत नव्हता. सरपंचाचा वाजत राहिला. हर्षाचा नंबर माझ्याकडे नव्हताच. तीन हंगाम जिच्या घरचं जेवले तिच्या मुलीचा नंबर मी कधी घेतला नव्हता.

गाडी काढली. कामठी, कन्हान मागे टाकून आमडी फाट्यावरून आत वळले. ऊन छान पडलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वावरांमध्ये बायका वाकून कापूस वेचत होत्या, आणि वाकलेली बाई मला प्रत्येक वेळी चार पायांवर उभ्या जनावरासारखी दिसत होती. वाघालाही ती तशीच दिसते. हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि विसरले होते.

निंबखेडीच्या शिवारात पोचले तेव्हा बारा वाजले होते. मीराबाई जिथे वेचायला जायची ते वावर नाल्याला लागून आहे. पऱ्हाटीच्या मध्ये मध्ये तुरीच्या ओळी, डोक्याच्या वर गेलेल्या. आत कोण आहे ते धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, दिसत नव्हतं. बांधून ठेवलेला एक बैल सारखा कान टवकारत नाल्याकडे बघत होता. मी हाका मारल्या. इतक्या मोठ्याने मी जन्मात ओरडले नसेन.

आधी कुणी ओ दिली नाही. मग तूर हलली. आतून हर्षा बाहेर आली. कमरेच्या झोळीत कापूस, केसांत कापूस, तोंडभर हसू.

“मॅडम! तुमी इकडं कशा?”

मी तिला धरलं आणि सोडलंच नाही. तिची आई आणि बाकीच्या बायका एकेक करून धुऱ्यावर जमल्या. सात जणी होत्या. मी श्वास घेतला. वेळेवर पोचले, असं मला खरंच वाटलं. त्या पाच मिनिटांइतकी सुखी मी पुन्हा होईन असं वाटत नाही.

“सगळ्या आहात न?” मी विचारलं.

“हो न,” मीराबाई म्हणाली. “एक शोभा तेवढी नाही. थे माहेरी गेली.”

“रुसून गेली,” हर्षा हसली. “नवऱ्यासंगं, प्रेमानंदभाऊसंगं, भांडण झालं रविवारी. सोमवारी वेचाले आली, तोंड फुगवूनच होती. दुपारपासून नाही. झोळी बी इथंच टाकली न चपला बी. अशीच निघून गेली रागारागात.”

“मागल्या साली बी अशीच गेली होती,” दुसरी एक बाई म्हणाली. “प्रेमानंद म्हनते, येईन आपल्या पायानं. मी काही आनाले जात नाही.”

मी मीराबाईकडे पाहिलं. मला जे सांगायचं होतं ते मी अजून सांगितलंच नव्हतं. सांगितलं. मिशी, आलेख यातलं काही नाही. पिंजऱ्यातली वाघीण ती नव्हे, मारणारा वाघ मोकळाच आहे, मी चुकले, एवढंच. मीराबाईने झोळी सोडली. कापूस सगळा धुऱ्यावर सांडला.

“मंग शोभा...” ती म्हणाली आणि थांबली.

महिनाभरापूर्वी त्या गावात एखादी बाई अर्धा तास दिसली नसती, तर डफडी आणि डबे घेऊन अख्खं गाव शिवारात उतरलं असतं. सोमवारी तसं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. फळ्यावर माझं पत्र होतं. वाघ पिंजऱ्यात होता. मग बाई जाणार कुठे? माहेरीच.

माहेरी फोन लावला. शोभा तिकडे गेलेलीच नव्हती.

अडीचला वनखात्याची माणसं आली. गावातले पुरुष काठ्या, कुऱ्हाडी घेऊन निघाले, डबे वाजवत. बायकांना शाळेत बसवलं. मी थांबले नाही, आणि उईकेंनी मला थांबवलंही नाही. प्रेमानंद पुढे होता. तिशीचा, उंच. तो हाका मारत नव्हता. मान खाली घालून भराभर चालत होता.

नाल्याच्या काठाने शे-दोनशे पावलं गेल्यावर कावळे उठले. करंजाच्या दाट झुडपाखाली वनखात्याच्या एका पहारेकऱ्याने काठीने फांद्या बाजूला केल्या आणि मागे वळून हात वर केला. सगळे थबकले. दोघांनी प्रेमानंदला धरलं. उईके पुढे जाऊन आले.

“मॅडम,” ते हळू म्हणाले, “तिथं एक वासरू बी आहे. त्याच जाग्यावर. सगळं एकामेकात आहे. पोलीस येतपर्यंत... घरच्याले काहीतरी तं द्या लागन. कोणतं वासराचं न कोणतं बाईचं, आमाले समजत नाही.”

मी आत गेले. त्यांनी एक चादर अंथरून दिली. वासराचं डावीकडे, शोभाचं उजवीकडे. हे काम मी हजारो वेळा केलं आहे, चहा पीत, रेडिओ ऐकत. त्या दिवशी डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि हात मात्र एकदाही चुकले नाहीत. मला माझ्या हातांची शिसारी आली.

डाव्या पायाचं हाड उचललं तेव्हा त्याला कापड होतं. आधी वाटलं साडी अडकली असेल. मग नीट पाहिलं. पदराची पट्टी होती, गुडघ्याच्या वर दोन वेढे दिलेली. वेढ्यांवर गाठ होती. घट्ट, दातांनी आवळलेली.

वाघ अशी गाठ मारत नाही. म्हणजे त्याने पहिल्यांदा धरलं आणि सोडलं. कशाने तरी बिचकला असेल. ती सरपटत या झुडपात आली. रक्त थांबावं म्हणून पदर फाडून पाय बांधला आणि वाट पाहत राहिली. कापडावर रक्त सुकून त्यावर पुन्हा ओलं झाल्याचे डाग होते. सोमवारची दुपार, बहुतेक रात्रही. वावरातल्या बायकांचं बोलणं तिला ऐकू येत असणार. तिने हाक दिली असेल तर ती या तुरीत विरून गेली. मग तो परत आला.

मी बाहेर आले तेव्हा प्रेमानंद धुऱ्यावर बसला होता. कुणीतरी त्याला पाणी दिलं होतं, ते तसंच हातात होतं. माझ्याकडे बघून तो उठला.

“मॅडम, तुमाले समजते म्हनते. लवकर गेली असंन न थे? त्रास नसंन झाला न तिले?”

उईकेंनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणा, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. तेवढा एक शब्द त्या माणसाला पुरला असता. पण याच गावाला तो शब्द मी एकदा लिहून दिला होता.

“नाही, भाऊ,” मी म्हणाले. “लवकर नाही गेली. तिनं पाय बांधला होता. सोमवारी कुणी शोधायला आलं असतं तर ती वाचली असती. आणि कुणी आलं नाही ते माझ्या पत्रामुळे. तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे.”

मला वाटलं तो अंगावर येईल. मारेल, शिव्या देईल. मला ते हवं होतं. पहारेकरी जवळ सरकला. प्रेमानंदने हातातलं पाणी हळूच खाली ठेवलं, सांडणार नाही अशा बेताने.

“दोन दिवस, मॅडम,” तो म्हणाला, “दोन दिवस मी घरी बसून तिले शिव्या देऊन राहिलो होतो. काहून आली नाही म्हनून.”

नाल्याच्या पलीकडे माकडं एकदम ओरडायला लागली, वाघ दिसला की ओरडतात तशी. पहारेकरी म्हणाला, उन्हं उतरायच्या आत सगळ्यांनी इथून निघायचं. प्रेमानंद मात्र जागचा हलला नाही, आणि त्याला चला म्हणायला माझ्याजवळ तोंड नव्हतं.